खुराड्यातला पोका-योके

२ नोव्हेंबर, रविवार

आई आज भोसरीला सुप्रियाकडे गेली. सुप्रिया माझी बहीण. आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे आहेत, आधी एक, मग दुसरा, म्हणजे महिनाभर मुक्काम तिकडेच. महाळुंग्याच्या धुळीत नको, असं डॉक्टर म्हणाले. भोसरीची धूळ त्यांना चालते.

जाताना आईने तिच्या आठ कोंबड्या माझ्या ताब्यात दिल्या, आणि ते कुलदीपच्या देखत. कुलदीप माझा धाकटा भाऊ. त्याला घरामागच्या परसात कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढायच्या आहेत. मला तिथे गावरान अंड्यांचा प्रोजेक्ट करायचा आहे. नाव ठरलंय, यशवंत ऑरगॅनिक. परसू आईच्या नावावर. आई म्हणाली, येशा, मी येस्तवर माझ्या कोंबड्या सांभाळून दाव, परसू तुझं. न्हाई जमलं तर कुलदीपच्या खोल्या. कुलदीप हसला. हसू दे.

मी आयुष्यभर कंपनीत क्वालिटीला होतो. माझ्या हाताखालून गेलेला गिअर परत आला नाही. (एकदा आला. तो सेकंड शिफ्टचा होता.) व्हीआरएस घेतल्यापासून लोकांना वाटतं मी रिकामा आहे. मी रिकामा नाही, उपलब्ध आहे.

आईची सूचना: दिवस मावळायच्या आत कोंडायच्या, दाराला फळी लावायची, फळीला धोंडा लावायचा. ओढ्याकडून कोल्हा येतो. मी म्हणालो, आई, ते खोकड आहे, कोल्हा वेगळा. ती म्हणाली, त्याला सांग.

३ नोव्हेंबर, सोमवार

फळी आणि धोंडा ही सिस्टिम नव्हे. माणूस विसरला की सिस्टिम फेल. कंपनीत जपानी लोकांनी आम्हाला पोका-योके शिकवलं. म्हणजे अशी व्यवस्था करायची की चूक होऊच शकत नाही. पार्ट उलटा धरला तर मशीनमध्ये बसतच नाही. खुराड्याला पोका-योके का नसावा? महाळुंग्यात हा विचार कुणी केलेला दिसत नाही.

ऑटोमॅटिक दार ऑनलाइन मागवलं. अंधार पडला की सेन्सर ओळखतो आणि दार आपोआप खाली येतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ

दार बसवलं. शिवाय खोकडाला धाक बसावा म्हणून खुराड्यासमोर मोठा हॅलोजन लावला. डबल प्रोटेक्शन. जुनी फळी अडगळ झाली होती. माझी बायको जयमाला हिने विचारलं, ही खरंच नको का. मी म्हणालो, नको. तिने ती फोडून बंबात घातली. पाणी छान तापलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

काळी गेली. पिसं ओढ्यापर्यंत.

लगेच व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस केलं. काळी का गेली? दार उघडं होतं. दार का उघडं होतं? सेन्सरला अंधार दिसलाच नाही. का दिसला नाही? समोर हॅलोजन होता. हॅलोजन का होता? खोकड येतं म्हणून. म्हणजे मूळ कारण खोकड. माझ्याकडे कुठेच बोट येत नाही. तीनदा तपासलं.

जयमाला म्हणाली, त्याला वाट दिसावी म्हणून लाइट लावलीत होय. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

हॅलोजन काढला. आईचा फोन आला. काळी कशी हाय, तिने विचारलं. मी म्हणालो, बाहेर गेलीय. हे खोटं नाही.

काळीचं वाईट वाटतं. सकाळी दार उघडलं की पहिली तीच बाहेर यायची आणि माझ्या चपलेवर टोच मारायची. हे इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

नवीन प्रॉब्लेम. ठिपक्यांची कवडी कोपऱ्यात अंड्यांवर बसून आहे, उठायला तयार नाही. हजेरी फुल, प्रॉडक्शन शून्य. शेजारच्या रतनबाईने कुंपणावरून सांगितलं, खुडूक बसलीया, बसू द्या, पिल्लं काढंल. मी म्हणालो, मावशी, आज एक खुडूक बसली, उद्या सगळ्या बसतील. शिस्त लागते.

अंडी काढून घेतली.

नंतर. अंडी परत ठेवली. मनगटाला हळद लावली आहे. हा तिचा विजय समजू नये. माझं धोरण लवचीक आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खोकड कुत्र्याला भितं. म्हणून स्पीकर लावून कुत्र्याच्या भुंकण्याचं रेकॉर्डिंग सोडलं. आयडिया अत्यंत यशस्वी. खोकड आलं नाही. महाळुंग्यातली सगळी कुत्री मात्र आली आणि परसात बसून उत्तरं देऊ लागली. थर्ड शिफ्ट करून झोपलेली पोरं दुपारी गच्चीवरून शिव्या देत होती. कुलदीप काठी घेऊन आला, कुत्री हाकलली, स्पीकर बघितला आणि काही न बोलता गेला. न बोलणं हेही बोलणंच असतं. मी लक्ष देत नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून परसात राउंड.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उठलो. थंडी होती. राउंड खिडकीतून घेतला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मन प्रसन्न. रतनबाई कुंपणाशी आली, काळजीत होती. कोल्ह्याचं काय केलं, म्हणाली. मी म्हणालो, मावशी, निश्चिंत राहा, खुराड्यात पोका-योके ठेवलाय.

ती म्हणाली, बोका? मी म्हणालो, हो, पोका. खेड्यातला उच्चार, मी दुरुस्त केला नाही. भावना पोहोचल्याशी कारण. तिने विचारलं, आत? कोंबड्यांत? मी म्हणालो, आतच, दारापाशी. तिने विचारलं, बांधलेला हाय का मोकळा? प्रश्न बाळबोध होता, पण मी समजावलं की त्याला बांधावं लागत नाही, अंधार पडला की तो स्वतःहून कामाला लागतो, कुणी बघायची गरज नाही. कुठला हाय, तिने विचारलं. मी म्हणालो, जपानी.

रतनबाई तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघतच राहिली. एवढा आदर मला कंपनीत ऑडिटच्या दिवशीसुद्धा मिळाला नाही. मग घाईघाईने घरात गेली आणि फोन लावताना दिसली. बातमी पसरतेय. पसरू दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

तांबडी आली नाही. दिवसभर चरायला मोकळ्या असतात, अंधार पडायच्या आत परत येतात. बाकीच्या आल्या, तांबडी नाही. पिसं नाहीत, रक्त नाही, आरडाओरडा नाही. खोकडाने कामात सुधारणा केलेली दिसते.

१६ नोव्हेंबर, रविवार

कवडी गेली. अंड्यांसकट.

हे साधं प्रकरण नाही. खोकड कोंबडी तोंडात धरून नेईल हे मान्य. पण अंडी? एकही फुटलेलं नाही, खाली पेंढासुद्धा नीट सारखा केलेला. हे एकट्याचं काम नाही. टोळी आहे.

जयमालाला सांगितलं. ती म्हणाली, रतनबाईंकडे एकदा विचारून बघा. मी म्हणालो, रतनबाईला खोकडांबद्दल काय माहीत असणार. ती ऑफिसला उशीर होतोय म्हणाली. रविवार होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईचा पहिला डोळा व्यवस्थित झाला. लेन्स चांगल्यातली घ्या असा मीच आग्रह धरला होता. आईच्या बाबतीत तडजोड नाही.

फोनवर म्हणाली, येशा, आधी त्यो बोका हाकल. मी सुप्रियाला फोन घ्यायला लावून सांगितलं की भुलीचा परिणाम असावा, डॉक्टरांना विचार. सुप्रिया म्हणाली, डोळ्यात थेंब टाकले होते, भूल दिली नव्हती. मग वय झालं.

चांगली गोष्ट म्हणजे आई कोंबड्यांची चौकशी करत नाही. पूर्वी दर फोनला एकेकीचं नाव घ्यायची. आता म्हणते, तू जेवलास का. विश्वास बसला की असं होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अजून दोन कमी. रतनबाईने वाटीभर अंडी आणून दिली. तिच्या कोंबड्या हल्ली चांगल्या अंड्यावर आल्यात. मी म्हणालो, शेजारी मॅनेजमेंट चांगलं असलं की त्याचा फायदा सगळ्यांना होतो. ती व्हय व्हय म्हणाली. निघताना परत विचारलं, त्यो बोका खातो काय? मी म्हणालो, काही नाही मावशी, फक्त सेल बदलावे लागतात. ती म्हणाली, तुमी बी वाईच आराम करा.

२३ नोव्हेंबर, रविवार

खुराडं रिकामं.

दार मात्र रोज ठरल्या वेळी बंद होतं. आत काही नसताना दार बंद होतं म्हणजे सिस्टिममध्ये दोष नाही हे सिद्ध झालं. दोष मटेरियलमध्ये होता.

कुलदीप दुपारी एका माणसाला घेऊन आला. टेप धरून परसू मोजत होते. मी विचारलं, हे काय. म्हणाला, सहज. मग खुराड्यात डोकावला आणि म्हणाला, दादा, शांतता फार आहे रे. मी म्हणालो, दुपारच्या झोपतात.

जेवण गेलं नाही. हे परसू गेलं तर मी दिवसभर करणार काय? खोल्या झाल्यावर माझ्या खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसणार. सकाळी उठून जायला एक जागा तर पाहिजे माणसाला. कंपनी सुटल्यापासून तेवढंच पाहिजे होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे

सुचलं. अंघोळीला जायच्या आधी लिहून ठेवतो.

आईला गेली दोन वर्षं नीट दिसत नाही. मला ती अंगणातून कुलदीप म्हणून हाक मारते. तिला कोंबड्या म्हणजे हलणारे ठिपके. तेवढेच ठिपके परसात हलले की झालं. बाजारातून कोंबड्या आणायच्या, काळीसकट सगळी भरती पूर्ण. ही फसवणूक नाही, रिप्लेसमेंट आहे. गिअर खराब निघाला तर आपण गिऱ्हाइकाला नवीन देतोच.

दुपार. सुप्रियाचा मेसेज: दुसरा डोळापण मस्त झाला. फार आनंद झाला. सगळं जुळून येतंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पिंटूकडून घेतल्या. पिंटू पूर्वी आमच्या लाइनला कॉन्ट्रॅक्टवर होता, आता रस्त्याकडेला टेम्पोत गावरान कोंबड्या विकतो. त्याला म्हणालो, तलंगा पाहिजेत, म्हणजे लवकरच अंड्यावर येणाऱ्या. तो म्हणाला, साहेब, तुमच्यासाठी निवडून देतो. साहेब म्हणाला. जुन्या माणसाला जाण असते. मी प्रत्येकीची स्वतः तपासणी केली. उंच मान, रुबाबदार चाल, डोक्यावर लालभडक तुरा. सगळ्या तब्येतीने एक नंबर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ

सगळ्यांचा घसा बसलाय. पहाटेपासून मान ताणून विचित्र घोगरा आवाज काढताहेत, अर्धवटच राहतो. हवा बदलल्यामुळे असणार. लसूण आणि हळद पाण्यात दिली.

जयमाला ऐकून दारात आली, बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, अहो, या नक्की कोंबड्याच ना? मी म्हणालो, मग काय मोर आहेत? ती आत गेली. आतून खूप वेळ खोकल्याचा आवाज येत होता. तिचाही घसा धरलेला दिसतो.

३० नोव्हेंबर, रविवार

आईचा व्हिडिओ कॉल. पहिल्यांदाच चेहरा नीट स्क्रीनसमोर धरला होता. म्हणाली, येशा, शर्टाचं दुसरं बटन तुटलंय. मी बघितलं, खरंच तुटलं होतं. मी आनंदाने जयमालाला हाक मारली, म्हटलं बघ, आईला बटण दिसतं.

मग आईने विचारलं, तुझ्या मागं भिंतीवर पाल हाय का? होती.

फोन ठेवला. नंतर लक्षात आलं. खाली बसलो.

माझी चूक नाही. दोन प्रोजेक्ट एकाच वेळी चालू असले की असं होतं. ऑपरेशन सुप्रियाच्या डिपार्टमेंटला होतं. कोऑर्डिनेशन तिने ठेवायला हवं होतं.

१ डिसेंबर, सोमवार

घाबरायचं नाही. दिसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. रंग जुळले की पुरे. एक पांढरी आहे, तिची तांबडी करायची आहे. जयमालाचा मेंदीचा कोन मिळाला.

संध्याकाळ. अर्धी झाली. अर्धी अंगावर आली. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगलेत. वाण्याकडे गेलो तर त्याने विचारलं, घरात लग्न आहे का.

४ डिसेंबर, गुरुवार

आपसात मारामारी करतात. समोरासमोर येऊन पिसं फुगवतात आणि उड्या मारतात. टीमवर्कचा प्रॉब्लेम. एकही अंडं नाही. सेटिंग पिरियड चालू आहे असं धरतो. घसा मात्र सुधारतोय, आवाज आता शेवटपर्यंत जातो. लसणाचा गुण.

६ डिसेंबर, शनिवार

उद्या आई येणार. परसू झाडून घेतलं. भाषण तयार केलं. मुद्दा एक, आव्हानं. मुद्दा दोन, उपाययोजना. तिसऱ्या मुद्द्यात निकाल येतो, तो थोडक्यात उरकायचा.

७ डिसेंबर, रविवार. रात्री

सुप्रिया आईला घेऊन आली. काळा चष्मा होता. चहासुद्धा न घेता आई थेट मागे परसात गेली. मी आव्हानांपासून सुरुवात केली. आईने चष्मा काढला, खुराड्याकडे पाहिलं, कपाळावर हात धरून परत पाहिलं. मग म्हणाली, येशा, हे समदे कोंबडे कुणाचे?

मी म्हणालो, कोंबड्या, आई. तेवढ्यात मेंदी लावलेला खुराड्यावर चढला, मान वर केली आणि आरवला. पूर्ण. स्वच्छ. बाकीच्यांनी साथ दिली. कुलदीप उकिडवा बसला आणि हसता हसता मागे कलंडला. जयमालाचा खोकला परत सुरू झाला.

आईने रतनबाईला हाक मारली. रतनबाई कुंपणाला वळसा घालून डालगं घेऊन आली, मागे तिचा नातू दुसरं डालगं घेऊन. उलटं करून उघडलं. तांबडी बाहेर आली. मग बाकीच्या. शेवटी कवडी आली, मागे पिल्लांची रांग. माझ्याकडे पाहून कवडी फुगली.

रतनबाईने सगळं सांगितलं. माझ्यासमोरच सांगितलं, आणि ते फार मायेने सांगितलं, हे जास्त लागलं. तिला वाटलं मी कोंबड्यांत जपानी बोका मोकळा सोडलाय. तिने आईला फोन केला. आई म्हणाली, कोंबड्या तुझ्याकडं ने, पण एकदम नेऊ नकोस, एकेक ने, त्याच्या मनाला लागंल. म्हणून ती एक-दोन दिवसांआड अंधार पडायच्या आत ज्वारी टाकून एखादी आपल्या खुराड्यात वळवायची. कवडीला तेवढं अंड्यांसकट उचलून नेलं. जयमालाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी पोका-योके म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगायला लागलो. आई म्हणाली, ऱ्हाऊ दे.

काळीबद्दल तिने स्वतःच विचारलं. ती तेवढी खरंच गेली ना, म्हणाली. मी हो म्हणालो. तिने मान हलवली आणि बराच वेळ खुराड्याच्या दाराकडे बघत उभी राहिली. या सगळ्यात मला तेवढंच सहन झालं नाही.

कुलदीपने मग विचारलं, आई, खोल्यांचं काय. आई म्हणाली, आता मला दिसतंय, परसू माझं मी बघीन. तुजं बी न्हाई, त्याचं बी न्हाई. म्हणजे कुलदीपला परसू मिळालेलं नाही. तत्त्वतः ही बरोबरी झाली.

रात्री पिंटूच्या कोंबड्यांपैकी दोघांचा रस्सा केला. मेंदीवाल्याला आईने हात लावू दिला नाही. मी फक्त भाकरी खाल्ली.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळ

उशिरा उठलो. उठून करायचं काय, असं वाटत होतं. आई मागच्या पायरीवर उन्हात बसली होती. मला बोलावलं, समोर बसवलं, चष्मा काढला आणि हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडे फिरवलं. मला वाटलं आता परसाचा विषय काढेल, रात्रीचा निर्णय बदलेल.

म्हणाली, केस किती पिकलं रं तुझं. मला कुणी सांगितलंच न्हाई. मग म्हणाली, तुझ्या बाच्यावानी दिसाया लागलास.

बरं वाटलं. आमच्या तात्यांना पंचक्रोशीत मान होता. मी ताठ बसलो. आई म्हणाली, त्यांनी बी एका साली चार म्हशी आणल्या हुत्या, मी सांभाळतो म्हनून. मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग?

म्हणाली, मग काय, मी सांभाळल्या. आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.